रिलेतला तिसरा गडी

३ जानेवारी, शनिवार
फॅक्टरीच्या क्रीडा महोत्सवाचा चिटणीस म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कुणी तयारच नव्हतं असं हेडक्लार्क म्हणाला. जळतो. महोत्सव ३१ तारखेला. संकल्प: रोज संध्याकाळी मैदानाला चार फेऱ्या, साखर बंद, आणि रिलेत यंदा आमच्या टीमचा पहिला नंबर. गेल्या वर्षी आम्हीच पुढे होतो. शेवटच्या टप्प्याला बॅटन पडली आणि मुसळ केरात. शेवटचा गडी मी. मला बॅटन देणारा तिसरा गडी, पॅकिंगमधला लांब्या. चूक कुणाची ते अख्ख्या फॅक्टरीला माहीत आहे, कारण मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून पोरं त्याला 'पाड्या' म्हणायची. ऑगस्टमध्ये तो गेला. पॅकिंगच्या टेबलापाशी, उभ्या उभ्या. गेलेल्या माणसाबद्दल जास्त लिहू नये.

५ जानेवारी, संध्या. ६.४०
चार फेऱ्या ठरल्या होत्या. पाऊण झाली. वळणावर मागून कुणीतरी 'घे' म्हणून ओरडलं, बॅटन देताना ओरडतात तसं. वळून पाहिलं. मैदानात चिटपाखरू नाही. कानात मळ साचला असणार.

८ जानेवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, कान लख्ख आहेत. ऐकू काय येतं, असं विचारलं. मी शिट्टीसारखं काहीतरी म्हणून सांगितलं. डॉक्टरांना सगळंच सांगायची गरज नसते. साखर सोडल्यामुळे हे होत असावं. साखर पुन्हा सुरू.

१२ जानेवारी
समितीची मीटिंग. मैदानावर सगळे समान, असं कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या ओळीत छापायचं ठरलं. दुसऱ्या ओळीत बैठकव्यवस्था: अधिकाऱ्यांना तंबू, सोफे, पंखे. कामगार सतरंजीवर. त्यांच्या बायका सतरंजीच्या मागे. अधिकाऱ्यांची शर्यत पन्नास मीटर, कामगारांची चारशे. सफाईवाल्यांना संगीत खुर्ची, कारण त्यात मोठ्या साहेबांना हसू येतं. सफाईचा मुकादम म्हणाला, आम्हालाही पळता येतं की. त्याची नोंद घेतली, म्हणजे घेतली असं तोंडी सांगितलं.

१६ जानेवारी
स्पर्धकांची यादी आणि निमंत्रणं दहा मिनिटांत हातावेगळी. गेल्या वर्षीचीच काढली, तारीख बदलली. टायपिस्टबाई म्हणाल्या, एकदा नजर टाका. मी म्हटलं, बाई, स्टोअरचा स्टॉक आपण वीस वर्षं असाच पुढे ओढतोय, कधी काही बिघडलं का? बाईंनी कागद मशीनला लावला. कामाचा उरक म्हणतात तो हा.

२२ जानेवारी
आज आवाज अगदी मानेपाशी आला. न ठरवता उजवा हात मागे गेला. तसाच हात मागे धरून वळणापर्यंत पळालो. हातात कुणी काही दिलं नाही. बायको भाजी घेऊन त्याच बाजूने चालली होती. घरी आल्यावर म्हणाली, एकटेच पळत होतात, मग हात कुणापुढे पसरत होतात? मी सांगितलं, टेक्निक आहे. मग तोंड का पांढरं पडलं होतं, म्हणाली. वर हेही म्हणाली, की लांब्याच्या घरी ऑगस्टपासून तुम्ही एकदाही गेला नाहीत. स्टॉकटेकिंग होतं. सहा महिने स्टॉकटेकिंग कुठे असतं, असं तिने विचारलं. बायकांना स्टोअरचं काम कळत नाही.

२९ जानेवारी
झोप नीट नाही. गेल्या वर्षीचं खरं काय ते स्वतःपुरतं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. लांब्या सुसाट आला. ओरडला. माझा हात मागे होता. तेवढ्यात तंबूतून मोठ्या साहेबांनी हात वर केला, माझ्याकडे बघून. आता साहेबांनी हात केल्यावर नोकरमाणसाने काय करायचं? मी सलाम ठोकला. मागचा हात कपाळाला गेला. (साहेब चहा मागवत होते, हे नंतर कळलं.) लांब्याने बॅटन द्यायच्या आधी जरा थांबायला हवं होतं.
लिहून झालं. डोक्यातून गेलं नाही.

३१ जानेवारी, संध्या. ७
दुपारी रिलेची वेळ झाली. कँटीनवाल्याचा आवाज भारदस्त, म्हणून माईक त्याच्याकडे. त्याने आमच्या टीमची नावं वाचली. पहिला गडी. दुसरा गडी. तिसरा: लांब्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, विभाग पॅकिंग. यादी कुठून उतरवली होती, ते मला तेव्हा आठवलं. मग पॅकिंगचे सगळे सतरंजीवर उठून उभे राहिले. त्यांच्यामागे लांब्याची बायको उभी राहिली. निमंत्रण तिलाही गेलं होतं, दोघांच्या नावाने, सहकुटुंब.
स्टार्टरला काय करावं सुचेना, त्याने पिस्तूल झाडलं. आमचा दुसरा गडी तिसऱ्याच्या जागेपर्यंत आला आणि बॅटन घेऊन तिथेच थांबला. समोर कुणी नव्हतं. बाकीच्या टीम निघून गेल्या. मी माझ्या जागेवर हात मागे धरून उभा. आज आवाज आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. हात खाली घ्यावा असं वाटत होतं, पण घेता येईना. टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, श्रद्धांजली.
नंतर ती भेटायला आली. म्हणाली, तुम्ही त्यांचं नाव यादीत ठेवलंत, हे मी विसरणार नाही. मी मान डोलावली. मग म्हणाली, शेवटपर्यंत विचारायचे, माझं नेमकं चुकलं कुठे? जेवताना चमचा बॅटनसारखा हातात धरून बघायचे. तुम्ही समोर होतात, तुम्हीच सांगा, काय चुकलं होतं?
सांगायचं होतं. शब्द ओठांवर होता. तोंडातून निघालं की हात जरा खाली होता त्याचा.
एवढंच ना, म्हणाली. तिला बरं वाटलं. मला आयुष्यात स्वतःची इतकी लाज वाटली नव्हती.

२ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. मोठ्या साहेबांपुढे जाऊन दोन्ही गोष्टी कबूल करायच्या: यादी न बघता उतरवली, आणि बॅटन माझ्यामुळे पडली. मग लांब्याच्या घरी जाऊन तिलाही हेच सांगायचं. अकरा वाजता केबिनमध्ये गेलो.
मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, असा चिटणीस फॅक्टरीला पहिल्यांदा मिळाला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी ऑर्डरच काढली आहे: दर वर्षी तिसऱ्या जागी त्याचंच नाव पुकारायचं, टीमने तिथे थांबायचं, आणि चौथ्या जागी मी, हात मागे धरून. त्याच्या बायकोला तंबूत, सोफ्यावर बसवायचं. तिला निरोपही गेला, तीही हो म्हणाली. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काही बोलायचं होतं का?
नाही साहेब, म्हणालो.
रिटायर व्हायला अजून अकरा वर्षं आहेत.