मस्कतला लाईट गेली

१६ ऑगस्ट २००५

मस्कतमध्ये लोडशेडिंग! ह्यांची मेल आली आज — "काल दिवसभर लाईट नव्हती म्हणून लिहिता आलं नाही." मी तर हसलेच. जालन्यातल्या माणसानं असं लिहिलं तर शोभतं. तिकडे दिवसासुद्धा दिवे चालू असतात, हे ह्यांनीच मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. तो फोनही जूनपासून बंद. साईट वाळवंटात गेली, टॉवर नाही म्हणे. असेल.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. "जात असंल कधी कधी. तुला काय करायच्यात चौकश्या? दूध पी."

मेलच्या शेवटीही तेच आहे. दूध पी.

१८ ऑगस्ट

हे मला 'मास्तरीण' म्हणतात. लग्नाआधी मी कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे म्हणून. प्रत्येक मेलची सुरुवात तशीच — नऊ जूनपर्यंत. मग पंधरा दिवस काहीच नाही. आणि चोवीस जूनपासून एकदम 'प्रिय सौ. उषास'! मला वाटलं, बाप होणार म्हणून भारदस्त झाले.

आता ते भारदस्तपण बरं वाटत नाही.

२० ऑगस्ट

पुंजाराम आला होता, माझा दीर. सासरहून, कुंभार पिंपळगावहून, तूप घेऊन. केस आता पेरभर वाढलेत त्याचे. जूनअखेरीस आला तेव्हा डोकं तुळतुळीत होतं! "तिरुपतीला गेल्तो वैनी." लाडू मागितला तर म्हणाला, रस्त्यातच संपला. तिरुपतीचा लाडू कोणी रस्त्यात संपवतं? किती चिडवलं होतं मी.

आज विचारलं, भावाची काही खबर? "मजेत हायत." तुपाच्या डब्याचं झाकण पुसत राहिला.

२३ ऑगस्ट



स्टेशनजवळच्या देवानंदच्या सायबर कॅफेत गेले. माझाच जुना विद्यार्थी, अजून मॅडम म्हणतो. त्याला म्हटलं, मेल कुठून आली ते बघायचंय. "तुम्हीच शिकवलं की मॅडम! नेटवर गेलेल्या मशिनीला नंबर असतो. मेलच्या मागं चिकटून येतो. पोस्टाचा शिक्का समजा."

मेलचा लपलेला मजकूर उघडला. नऊ जूनपर्यंतचे नंबर ओमानचे. त्यानंतरचे सगळे — सगळे! — एकच. शेवटी सत्तेचाळीस.

मग तिथूनच मी मलाच एक मेल पाठवली. शेवटी सत्तेचाळीस.

"ह्यो तर आपलाच नंबर हाय," देवानंद म्हणाला आणि त्यानं दोन्ही नंबर पुन्हा ताडून बघितले. मग हळूच म्हणाला, "पण मॅडम, आपल्या सहाही मशिनी बाहेर एकाच नंबरानं जातात. जागा कळती. कोण बसलं व्हतं, ते न्हाई कळत."

म्हणजे मेल याच खोलीतून जात होत्या. मी ज्या खुर्चीवर बसून त्या वाचते, कदाचित त्याच खुर्चीवरून. खुर्ची सरकवून उठले.

२४ ऑगस्ट

हे जालन्यातच आहेत.

२७ ऑगस्ट

ऑटोतून जाताना प्रत्येक पाठमोरा माणूस हेच वाटतात. सिंधी बाजारात निळा शर्ट दिसला. ऑटो थांबवायला लावली. माणूस वळला — भलताच कोणी.

बायको गावात, तिला नववा महिना, आणि नवरा त्याच गावात बसून परदेशातून लिहितो! दुसरी बाई असणार. दुसरं काय? मला माहेरीही सातवा लागायच्या आधीच घाईनं आणलं. तेव्हा लाड वाटला होता.

३० ऑगस्ट

दादानं, मच्छिंद्रदादानं, मोटारसायकलवरून दवाखान्यात सोडलं. "दुपारी घ्यायला येतो. हितंच बस, गर्दी हाय." गर्दी नव्हती. अर्ध्या तासात तपासणी आटोपली आणि हळूहळू चालत कॅफेत गेले. देवानंद बाहेर गेलेला. कोपऱ्यातल्या मशीनवर बसून मेल उघडली. काही नव्हतं.

बसूनच राहिले. शेजारी प्लायवूडच्या आडोशापलीकडे कोणीतरी टाइप करत होतं. एका बोटानं. टक. टक. मग थांबलं.

माझ्या पडद्यावर नवीन मेल. 'प्रिय सौ. उषास.'

पोटात बाळही हललं नाही. मी वाकले — या पोटानं कसं वाकले देव जाणे — आणि आडोशाखालून बघितलं. चप्पल दिसली. डावा अंगठा पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला. गेल्या आठवड्यात मीच शिवून आणला होता.

दादाची.

तो उठून गेला तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं.

घरी जेवताना विचारतो, "दाजींची मेल आली का गं?" म्हटलं, आली. "बराबर हायत ना?" म्हटलं, हो.

३१ ऑगस्ट

ह्यांचं खातं दादानंच उघडून दिलं होतं, जायच्या आधी. पासवर्ड त्याला ठाऊक असणारच. म्हणजे हे मला सोडून गेले, आणि माझा सख्खा भाऊ त्यांच्यावर पांघरूण घालून राह्यलाय! बाळंत होऊ दे. मग दोघांना जाब विचारते. सोडणार नाही.

११ सप्टेंबर

मेल. 'जास्त चालू नको.' उत्तर दिलं नाही.

२० सप्टेंबर

काल मुलगी झाली. कळा देताना एकदम पुंजारामचं तुळतुळीत डोकं डोळ्यांपुढे आलं. तो तिरुपतीला गेलाच नव्हता.

सकाळी दादा पेढे घेऊन आला. बाळाकडे बघून म्हणाला, "दाजींला मेल टाकतो जल्दी. केवढे खूश होतील!"

मी म्हटलं, "दादा, आज उत्तर लिहू नकोस. मस्कतला लाईट नसेल."

पेढ्यांचा पुडा तसाच हातात. आईनं पदर तोंडाला लावला. "पोटात लेकरू असताना सांगत न्हाईत, बाई..."

"कधी गेले?"

"दहा जूनला," दादा म्हणाला.

म्हणजे नऊ तारखेची 'मास्तरीण' शेवटची.