ओटीतली कादंबरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

धारूर, ता. ४ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप महारुद्रदादांस, धाकट्या शिवगंगेचे कृतानेक शरणार्थ.

एखाद्याने वाईट कादंबरी लिहिली, म्हणून तो माणूसही वाईट ठरतो का? बी.ए. झाले तरी याचं उत्तर मला येत नाही.

मन्मथप्पा वकिलांच्या आई परवा मला पाहायला आल्या, तेव्हा खणानारळाबरोबर मुलाने लिहिलेली ‘कुंदलतेचे अश्रू’ही त्यांनी माझ्या ओटीत घातली. दुपारी शेवया करायला जमलेल्या बायकांना मी ती वाचून दाखवली. नायक रुसतो, कुंदलतेला मूर्च्छा येते, तो पाणी शिंपडतो, की संपलं प्रकरण! शेजारच्या बायनाबाईंनी विचारलं, की ह्या बाप्याला कामधंदा न्हाई का, सारखा रुसतो कावून? सगळ्या हसल्या. पुढे तो तिची पुस्तकं चुलीत घालतो आणि ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते. तिथे मला हसू आलं नाही.

वहिनींना नमस्कार. सवडीने चार ओळी लिहाव्या, माया आहेच.

आपली,
शिवगंगा

बीड, ता. १२ जानेवारी १९३६

चि. शिवगंगेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. मी हसलो नाही. स्थळ लाखात एक आहे. विडी नाही, तंबाखू नाही, कचेरीत मान आहे. तुझी शंका मी सहज मन्मथप्पांच्या कानावर घातली. ते म्हणाले, की बायकोची पुस्तकं जाळायलाही नवऱ्याचं प्रेम तेवढंच मोठं लागतं. माणूस विनोदी आहे!

दुसरी आवृत्ती निघते आहे. आरंभी तुझा अभिप्राय छापायचा आहे, नावापुढे बी.ए. घालून. गोड लिही. ओटीत घेतलेलं परत करत नसतात, तेव्हा आपला होकार गेल्यासारखाच आहे. परीक्षकीणबाई होऊ नकोस.

आईला जप, आणि ह्या भावावर रुसू नकोस.

तुझा,
महारुद्र

धारूर, ता. १९ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप दादांस कृतानेक शरणार्थ.

तुम्हाला तो विनोद वाटला, ह्याचंच वाईट वाटलं. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही आप्पांशी भांडलात, पुस्तकांची ट्रंक डोक्यावर घेऊन मला पुण्याला पोचवलंत. त्याच पुस्तकांची ही गोष्ट आहे.

ओटीतलं काही परत केलं नाही. नारळ फोडून गल्लीत वाटला, कादंबरी ठेवून घेतली. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाली, की चुलीतच घालायचं व्हतं तर पोरीला शिकवलं कावून?

अभिप्राय लिहिला: कथानकाला कणा नाही, नायक दुष्ट आहे, नायिकेला मत नाही आणि लेखकाला दोघंही आदर्श वाटतात, हा सर्वांत मोठा दोष. कागद उत्तम आहे, हेही लिहिलं. हे छापायचं असेल तरच माझं नाव घालावं, असं बजावलं. त्याखाली लग्नाला नकार कळवला.

हवं तेवढं रागवा, पण बहीण म्हणून जवळ असू द्या. पत्र कालच टपालात टाकलं. हे तुमच्या हाती पडेल तोवर वकीलसाहेबांनी ते वाचलेलं असेल.

आपली,
शिवगंगा