मनगटावरचा पहारा

रवि., ९ फेब्रु., सातारा
ह्यांनी घड्याळ आणलं. फौजेतून निवृत्त झाल्यावरची पहिली भेट म्हणून हौसेने खोकं उघडलं, तर आत पहारेकरी. मोबाईल अर्ध्या तासाच्या वर हातात राहिला की मनगटावर थरथरतं. फोन आला तर घड्याळातूनच बोलायचं, मोबाईल कपाटात. दिवसभराचे आकडे ह्यांच्या मोबाईलवर.
"लय वाढलंय तुझं. बघू आता." हे बोलताना स्वतः बातम्या बघत होते.

मंगळ., ११
कुकर लावून कट्ट्याशी उभी. सुचलेली ओळ मोबाईलवर उतरवत होते, तेवढ्यात थरथरलं. ओळ गेली. वही घेऊन बसले की घरात विचारतात, काय लिहितेस, कुणाबद्दल लिहितेस. मोबाईल हातात असला की कुणी विचारत नाही. तीन वर्षांत अकरा कथा, सगळ्या अंगठ्याने. कुणालाच माहीत नाही. लेकीलाही.

रवि., १६
नाश्त्याला परेड. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्यात मोबाईल. "सोमवारी दीड तास. गुरुवारी तीन तास दहा मिनिटं. काय करत होतीस गं एवढं?"
मुक्ता पुण्याहून आलेली. हसली. "बाबा, आईचं कोर्ट मार्शलच करा."
म्हटलं, "रेसिपी बघत होते."
खोटं बोलले, त्याचाच जास्त संताप. गुरुवारी बारावी कथा पुरी झाली. तो दिवस ह्यांनी वाया गेलेल्यात धरला. हे सीमेवर असताना वीस वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपले, तेव्हा कुणी मोजलं नाही...

गुरु., २०
आष्ट्याहून आईचा फोन, मनगटावर. धुणं वाळत घालत होते, सगळ्या गल्लीने ऐकलं. "जावईबापूंनी घड्याळ दिलं म्हणं. नशिबाची हायस."

रवि., २३
आकडे वाचायला लागले तशी मध्येच म्हटलं, "त्या तीन तासांत मी कथा लिहिली."
ह्यांनी बशी टेबलावर ठेवली. "कसली?"
"फौजीच्या बायकोची."
घड्याळ काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. माझा मोबाईल उघडून ह्यांच्या हातात दिला. "मोजून झालं असेल तर वाचा."
चष्मा शोधला, मोबाईल घेऊन गॅलरीत गेले. मी बशा विसळल्या, पुन्हा विसळल्या. अर्ध्या तासाने घड्याळ टेबलावर थरथरलं. ह्यांनी मान वर केली नाही.
अजून वाचतायत. शेवटी ती बाई काय करते, तिथपर्यंत पोचलेले नाहीत.