पातेल्याला आतून दिलेलं अस्तर

तात्यापारा, रायपूर
गुरुवार, १६ जानेवारी

चि. नरहर यास,

रविवार, दि. १२ जानेवारी २००३, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. ही अपराधाची वेळ आहे. पत्राला चार दिवस उशीर झाला, कारण मधल्या काळात माझे हात पेन धरण्याच्या लायकीचे नव्हते.

सुनीतीताईचे आशीर्वाद. (धाकट्या भावाला आशीर्वाद दिल्याशिवाय पत्र सुरू करू नये असं आई सांगायची, म्हणून देते आहे. मनापासूनचे मागाहून पाठवीन, तुझी वागणूक पाहून.) तुझा गुडघा कसा आहे? शारदाची शुगर उतरली का? सकाळच्या तलावाच्या फेऱ्या चालू असतीलच. एकाच शहरात राहून तात्यापाऱ्याहून तेलीबांध्याला पत्र कशाला, असं तू शारदाला विचारशील. फोनवर तू "हव ताई, हव ताई" म्हणतोस आणि मागे क्रिकेट चालू असतं. कागदावरचं ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. शिवाय तक्रार नेहमी लेखी करावी, तारीख-वेळ घालून करावी आणि आवाज चढवू नये, हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसने शिकवलं. पहिल्या दोन गोष्टी मी शिकले.

तर रविवारी सात दहाला फाटकाशी स्कूटरचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर माकडटोपी घातलेला एक इसम पायरीवर पोतं ठेवून, बेल न वाजवता, इंजिन न बंद करता पसार होत होता. पोत्यातून काळं काहीतरी डोकावत होतं. मला वाटलं, कोळसेवाला चुकीच्या घरी आला. मी बाहेर येऊन ओरडले की भैया, कोयला नहीं मंगाया. त्या इसमाने वळून पाहिलं आणि वेग वाढवला. तेव्हा मी स्कूटर ओळखली, मग टोपी ओळखली (ती मीच विणली आहे) आणि सगळ्यात शेवटी पोत्यातली माझी भांडी ओळखली.

ही भांडी कोणती, हे तुला ठाऊक असूनही लिहिते, म्हणजे कागदावर राहील. शाळेत मी चोवीस वर्षं गाईड कॅप्टन होते. पहिल्याच वर्षी शाळेने शिबिरासाठी ॲल्युमिनियमची चार पातेली घेतली, एकात एक बसणारी, झाकणाची तवी होणारी. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांना शाल-श्रीफळ मिळालं, मी हा संच मागून घेतला. चोवीस वर्षांत तो दीडशे वेळा तरी चुलीवर चढला असेल, आणि दर वेळी चांदीसारखा परत आला. कारण चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला ओल्या मातीचा लेप द्यायचा असतो. काजळी मातीवर बसते, माती पाण्याने निघते, भांडं जसंच्या तसं. हे खेड्यातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. आपल्या आईला माहीत होतं. माझ्या सहावीतल्या पोट्ट्यांनाही दुसऱ्या दिवशी येत असे.

तू तुझ्या तलावाच्या फेरीमंडळाला घेऊन आरंगच्या पुढे महानदीवर एक दिवसाच्या शिबिराला निघालास आणि संच मागायला आलास, तेव्हा मी दोन पानं सूचना लिहून दिल्या. सूचना क्रमांक चार: चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्याला चिकणमातीचा लेप द्यावा. आणि तू, भिलाई आणि सिलतरा मिळून एकतीस वर्षं लोखंडाच्या भट्टीवर काढलेला माणूस, तो लेप आतून दिलास.

आतून, नरहर!

मी फोनवर विचारलं तेव्हा तुझं उत्तर मला शब्दशः आठवतं आहे. "लायनिंग आतूनच राह्यते ना ताई. बाहेरून लावते का कोणी? तुले भट्टीतलं काही समजत नाही, काहून चिल्लावून राहिली?" वितळलेलं लोखंड ओतायच्या बादलीला आतून मातीचं अस्तर असतं, हे मान्य. पण तुला लोखंड उकळायचं नव्हतं, मुगाची खिचडी करायची होती. वर शारदा मागून म्हणाली की ताईंनी कागदावर "बाहेरून" असं लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही, हे खरं आहे. कागद पोत्यातच परत आला, तो मी पाहिला. पण टोपी डोक्यात घालावी असंही मी माकडटोपीबरोबर लिहून दिलं नव्हतं.

आणि तुमच्या मंडळातली ती सात सुशिक्षित माणसं! एक निवृत्त इंजिनियर, एक मंत्रालयातले कुणी उपसचिव (राजधानी झाल्यापासून या गावात साधा माणूस मिळतच नाही, ज्याला पाहावं तो कुठल्या तरी विभागाचा उप असतो). एकालाही खिचडी तांबडी का, हा प्रश्न पडू नये? शारदाने सांगितलं की सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली आणि काय सोंधी खुशबू आहे, गॅसवर ही चव येत नाही, असं कौतुक केलं. येणार कशी? गॅसवर नदीकाठ शिजवत नाही कुणी.

आतून भाजलेली माती आणि बाहेरून काजळी. ती तरी साध्या लाकडाची असावी? ओली लाकडं पेटेनात म्हणून तुम्ही रॉकेल ओतलं, तेही पुरेना म्हणून कुणाच्या तरी जुन्या स्लिपर घातल्या. आता चौथं पातेलं तिसऱ्यात जात नाही, तिसरं दुसऱ्यात जात नाही. काजळीने माझी भांडी जाड झाली आहेत.

सुकवारोने, म्हणजे माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईने, पोतं उघडून पाहिलं आणि पदर खोचलेला सोडला. "मैं नई मांजंव दीदी. एला लोहार ला दे." मी घासणार नाही, लोहाराला द्या. अकरा वर्षांत तिने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. तिची बाजू बरोबर होती म्हणून मला जास्त राग आला. मग मी स्वतः बसले. राख आणि काथ्या घेतला, नंतर वाळू, नंतर विटेचा चुरा. संध्याकाळपर्यंत हात काळे, भांडी तशीच आणि शेजारचे गुलाबराव कुंपणावरून पाहत उभे.

सोमवारी आतल्या मातीकडे वळले. मोठं पातेलं रात्रभर पाण्यात ठेवलं होतं, तरी माती हलेना. (तुझं अस्तर पक्कं असतं, हे तुझ्या कारखान्याला लेखी कळवायला मी तयार आहे.) शेवटी लाटण्याने बाहेरून सगळीकडून ठोकलं आणि उलथनं घालून जोर लावला, तेव्हा अख्खं अस्तर एकदम सुटून आलं. तडा नाही, काही नाही. बाहेरून गुळगुळीत, आत मुगाचे आणि तांदळाचे दाणे रुतलेले. आता माझ्याकडे पाच भांडी आहेत. पाचवं पाहून सुकवारो म्हणाली, हे मात्र छान झालं आहे, साहेबांनी हाच धंदा करावा.

मंगळवारी गुलाबरावांनी रसायनशास्त्र पाजळलं. ते कॉलेजात शिकवत. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळा, म्हणाले. मी उकळलं. पातेलं आतून होतं तेवढं पांढरंही राहिलं नाही, शाळेच्या फळ्यासारखं झालं. गुलाबराव चष्मा पुसत म्हणाले, ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही. मी विचारलं, हे आपण उकळण्याआधी शिकवता की नंतर? तेव्हापासून ते कुंपणाकडे फिरकलेले नाहीत, त्यामुळे सोडा अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही. शेवटी सुकवारोलाच माझी दया आली. तिने मूठभर चिंच टाकून पाणी उकळायला लावलं. अर्ध्या तासात आतून असा उजेड पडला की मी त्यात तोंड पाहिलं. (पाहायला नको होतं. गालावर काजळी होती.) त्याच चिंचेने आम्ही दोघींनी दोन पातेल्यांची बाहेरची काजळीही काढली, आणि तिथे चिंच आणि सुकवारोची दया दोन्ही संपली.

याच हातांनी मी काल पेन्शनसाठी बँकेत गेले. लिंबू, साबण, दगड सगळं लावून झालं होतं, तरी बोटांच्या रेषांत काळं बसलेलं. खिडकीतल्या मुलीने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात "माताजी, यहाँ" म्हणत अंगठ्याचं शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. नरहर, मी मॅट्रिकला इंग्रजीत जिल्ह्यात दुसरी आले होते! मी तिला जे सुनावलं ते अस्खलित इंग्रजीत सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, जी माताजी, और दूसरा अंगूठा?

आता मुद्दा. पंचवीस आणि सव्वीस तारखेला माझ्या जुन्या गाईड मुली सिरपूरला महानदीकाठी शिबिर करत आहेत. मुली म्हणजे आता चाळिशीच्या. क्षमा, जी शिबिरात अंधाराला घाबरून माझ्या तंबूत झोपायची, ती इथे मंत्रालयात मोठी अधिकारी आहे आणि सगळी व्यवस्था तिची. तिचं पत्र आलं, की मॅडम, तुम्ही काही करायचं नाही, फक्त खुर्चीवर बसायचं, आपण केटररला सांगितलं आहे. खुर्चीवर बसायला मी काय उद्घाटनाचा पाहुणा आहे? मी उलट टपाली कळवलं, की झेंडावंदनानंतरची खिचडी त्याच संचात, चुलीवर, मी करीन. केटरर रद्द करावा. तिने तो रद्द केला आहे. एकोणीस जणी येणार आहेत. आणि त्यांना वाढायला माझ्याकडे दोन स्वच्छ पातेली, दोन काळी पातेली आणि एक मातीचं शिल्प आहे.

म्हणून तुला कळवण्यात येतं, की उरलेली दोन पातेली तू स्वतः येऊन, माझ्या अंगणात, माझ्या देखत घासायची. शारदाला पाठवायचं नाही. त्यानंतर या जन्मात माझ्या कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही, आणि विस्तवाच्या तर दहा पावलांत यायचं नाही. एवढं बोलून पत्र संपवते. शारदाला आशीर्वाद (खरे).

तुझी ताई,
सुनीती

ता. क. गुलाबराव सोडा एक चमचा म्हणाले होते. मी चार घातले. हे त्यांना सांगायची गरज नाही.

ता. क. २. काल दुपारी मी अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवून पाहिली. सरावासाठी. पेटली छान, पण खाली बसले ती मला उठताच येईना. वीस मिनिटं मी चुलीसमोर बसून होते आणि सुकवारो येईपर्यंत जाळ विझून गेला. तिने मला काखेत धरून उभं केलं आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली, म्हणजे पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, सगळ्यांना कळलंच असेल. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. क्षमाला हे कळलं तर केटरर परत येईल आणि मी खुर्चीवर जाईन.

ता. क. ३. त्यामुळे मी क्षमाला आजच कळवलं आहे, की माझ्याबरोबर एकतीस वर्षांचा अनुभव असलेले अग्नितज्ज्ञ येत आहेत, मॅडम फक्त देखरेख करतील. सिरपूरची गाडी पंचवीसला सकाळी सहाला माझ्या दारातून निघेल. विस्तवाजवळ तू बसायचं, ढवळायचं तू, उचलायचं तू. मी उभी राहून ओरडणार. गुडघ्याची सबब चालणार नाही, माझे दोन्ही गेले आहेत. सोमवार, दि. २० जानेवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर हवं. होकार असेल तर एका शब्दात चालेल. नकार असेल तर कारणांसह, तीन प्रतींत, स्वतः आणून द्यावा. येताना पातेली घासायच्या तयारीने यावं.