लोकरीचा गुंता

तीर्थरूप आईस,
तुझ्या चोरांच्या डॉक्टरणीचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. कैद्यांशी बोलायची माझी तुरुंगातली खोली छान उजेडाची आहे आणि दाराबाहेर शिपाई असतो, तेव्हा उगाच काळजी करू नकोस. (खुर्ची मात्र भिंतीला पाठ लावूनच ठेवते. सवय झाली आहे.)

एक गंमत सांगते. इथे एक घरफोड्या आहे. "चोरी का केलीस?" विचारलं की दर वेळी नवी गोष्ट रचायचा, तीही डोळ्यांत पाणी आणून. शेवटी मला तू आठवलीस. दादाने काही फोडलं की तू कधी "का?" विचारायची नाहीस. मान खाली घालून शेंगा सोलत राहायचीस आणि म्हणायचीस, "बरं, मग?" की दादा घडाघडा सगळं ओकायचा.

हाताला चाळा हवा, पण विणायच्या सुया आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी नुसता लोकरीचा गुंता घेऊन गेले. तो सोडवता सोडवता म्हटलं, "बरं, मग?" त्याने गुंत्याचं दुसरं टोक धरलं आणि पहिल्यांदाच खरं बोलला. "मग काय ताई, आत पाळणा दिसला. माझं पोर आठवलं. पायच निघेना, म्हणून सापडलो."

आमचे मोठे डॉक्टर विचारत होते, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? म्हटलं, घरगुती आहे.

आणि हो, परवा फोनवर तू आपणहून म्हणालीस, "मी काही पडलेबिडले नाही हं, ठणठणीत आहे." मी तर पडण्याचं विचारलंच नव्हतं.

बरं, मग?

तुझी,
धाकटी