खडूची ओली रेघ

रविवार, संध्याकाळ

जीपचा पेट्रोलचा वास आज थांबला एकदाचा. तीन आठवडे यांनी टाकीला माझा आंघोळीचा साबण फासला. गळालं की साबण लावायचा, ही सासऱ्यांची विद्या. मोठी टाकी यांनी स्वतः बसवलेली, म्हणून मेकॅनिकला हात लावू देईनात. गळती थांबेपर्यंत पोरीला घेऊन या जीपमधून इस्लापूरला येणार नाही, असं मी यांना सांगून टाकलं होतं.

आज माझ्या वर्गातला खडू कुटून मीच टाकीला चोळला. ओली रेघ वरून उतरली, पेट्रोल भरायच्या नळीपासून. टाकी बिचारी धडधाकट. नळीच चिरलेली.

"हा तर शेतातल्या मोटारीचा पाइप हाय की," मी म्हटलं.

"पाण्याला लई टिकला होता," हे म्हणाले.

मी इतकं हसायला नको होतं का? जेवून लगेच बाहेर पडले. दुपारी पेट्रोलची नळी आणून बसवली. पुन्हा खडू लावला, कोरडा राहिला.

आत्ता न्हाणीत यांनी आणून ठेवलेला नवा साबण दिसला. जाऊन पाहिलं, तर जुना तुकडा जीपच्या पान्यांच्या पेटीतच आहे. त्याच्याशेजारी, कागदात नीट गुंडाळून, माझा उरलेला खडू.