चेहऱ्यावर धरलेली चकती

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही निवत नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. काऊन रागवू नये? जिवंतपणी तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय होती का?

नवं मराठी राज्य होऊन चारदोन वर्षं झाली असतील. बुलढाण्यातल्या आपल्या घरी मोरीच्या खिडकीला घोंगडी ठोकून तुम्ही फोटो धुवायची खोली केली होती. लाल दिवा, तीन ताटल्या, आणि फोटो पक्का करायच्या हायपोचा तो वास. आई रोज करवादायची, "ताटातल्या पोयीलेही तोच वास येते!" फोटो पाण्यातून काढून वाळत घालायचं काम माझं. एकदा वरवट बकालच्या एक बाई लेकीचा फोटो न्यायला आल्या. "जरा उजळ करून द्या जी, सोयरीक जुळून राह्यली." तुम्ही ताडकन म्हणालात, "बाई, मी फोटो काढतो, चुना नाही लावत." मी दाराआड उभी होते. छाती फुगली होती माझी.

आणि माझ्या वेळी? मेहकरकडचं स्थळ आलं, त्यांनी फोटो मागवला, तुम्ही मला आत हाक मारली. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडतो आहे आणि तुम्ही तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती नेमकी कागदावरच्या माझ्या चेहऱ्यावर धरून हलवता आहात. उजेड अडवला की तेवढा कागद पांढरा राहतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मी विचारलं, "बाबा, हे काऊन?"

"तुले काय समजते? गप राह्य."

मग ती माणसं आली. मुलाच्या आत्यानं फोटो माझ्या तोंडाजवळ धरला आणि वांगी निवडावीत तसं मला निरखलं. "हा धाकट्या बहिनीचा फोटो हाय काय?" तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "उन्हानं रापली जी. वावरात जाते." वावरात! आपल्याला वावर होतं कुठं? माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "फोटो माहाच हाय. पन मी जन्मापासून अशीच हाओ." माणसं चहा अर्धा टाकून उठली.

चांगलं स्थळ घालवलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. अहो, नकाराचं मला काही वाटलं नाही. जगाच्या लेकी जशा होत्या तशा छापल्या तुम्ही, मग माझ्याच तोंडाची लाज वाटली? सख्ख्या बापाला? ते आजही जिव्हारी लागतं.

हे लिहून झालं की फाडणार आहे. माझ्या लेकीच्या हाती लागायला नको, तिचा रंग माझाच आहे. एक गोष्ट तिला कधी कळू द्यायची नाही. त्या दिवशी ताटलीत तो गोरा चेहरा हळूहळू उमटत आला ना, तेव्हा मला तो आवडला होता, बाबा. फार आवडला होता.